एड्रियाटिकचा पूर्व किनारा : पाच देशांतून एक सहल

इटली आणि बाल्कन यांच्यामध्ये वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेला एड्रियाटिक समुद्र सुमारे आठशे किलोमीटर लांब आहे. त्याचा पश्चिम किनारा बहुतांशी सपाट, वाळूचा आणि एकट्या इटलीचा. पूर्व किनारा नेमका उलटा आहे. तिथे डोंगर थेट पाण्यात उतरतात, समोर बेटांच्या रांगा लागतात आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, माँटेनेग्रो आणि अल्बेनिया असे पाच देश लागतात. यांतले पहिले चार १९९१ पर्यंत युगोस्लाव्हिया या एकाच देशात होते. माँटेनेग्रो तर २००६ साली स्वतंत्र झाला. पन्नाशी-साठीतल्या प्रवाशांनी भरलेली बस जेव्हा या किनाऱ्यावरून जाते, तेव्हा ती ओलांडत असलेल्या बहुतेक सीमा त्या प्रवाशांहून वयाने लहान असतात.

पॅरिस-स्वित्झर्लंड करून झालेले मराठी प्रवासी अलीकडे गटसहलीने इकडे वळू लागले आहेत. अशा सहलीचे वेळापत्रक बहुधा देशांच्या यादीवरून ठरते : इथे दोन रात्री, तिथे एक, मग पुढची सीमा. हा किनारा पाहण्याची ही सर्वांत तोकडी रीत आहे. दगड, वारा, मीठ आणि व्हेनिसची सत्ता या चार गोष्टींनी तो घडवला आणि यांतल्या एकीनेही आजच्या सीमा जुमानल्या नाहीत. देश मोजत जाणाऱ्याला पाच तुकडे दिसतात. या चार गोष्टी शोधत जाणाऱ्याला एकच सलग प्रदेश दिसतो, आणि मग पाच वेगळे देश का झाले हेही कळू लागते.

दगड म्हणजे चुनखडी. किनाऱ्याला समांतर अशा तिच्या घड्या पडून डोंगररांगा तयार झाल्या. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती आणि उथळ असलेला उत्तर एड्रियाटिक तेव्हा कोरडे मैदान होता. बर्फ वितळले, पाणी चढले, रांगांमधल्या दऱ्या बुडाल्या आणि माथे बेटे होऊन वर राहिले. म्हणूनच इथली बेटे लांबट आणि किनाऱ्याला समांतर आहेत. भूगोलाच्या पुस्तकांत अशा किनाऱ्याला ‘डाल्मेशियन किनारा’ म्हणतात, तो हा मूळ नमुना. एकट्या क्रोएशियाची बेटे, टापू आणि खडक मिळून संख्या बाराशेच्या वर जाते; त्यांपैकी वस्ती आहे ती पन्नासेक बेटांवर.

चुनखडी पाणी धरून ठेवत नाही, पाऊस भेगांतून खाली उतरतो. त्यामुळे वर शेतीला माती थोडी आणि खाली गुहांचे जाळे. स्लोव्हेनियातील पोस्तोयना गुहा चोवीस किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि तिच्यात १८७२ पासून रूळ आहेत. पर्यटकांना आत नेणारी छोटी गाडी आजही त्याच वाटेने जाते. गुहेतल्या पाण्यात ‘प्रोटियस’ हा फिकट, आंधळा उभयचर राहतो. तो वर्षानुवर्षे अन्नावाचून तग धरू शकतो. ल्युब्ल्याना किंवा झाग्रेबला उतरलेल्या बहुतेक गटांचा पहिला मोठा मुक्काम ही गुहा आणि ब्लेडचे सरोवर असा असतो. गुहा आधी पाहणे चांगले. पुढे आठ-दहा दिवस पायांखाली जो दगड असणार आहे, त्याचे पोट तिथे दिसते.

स्लोव्हेनियाच्या वाट्याला समुद्रकिनारा आला आहे जेमतेम ४७ किलोमीटर. त्यावरचे पिरान हे गाव १२८३ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होते. इथला मुख्य चौक व्हायोलिनवादक जुझेप्पे टार्टिनी याच्या नावाचा आहे, त्याचा जन्म पिरानमध्येच १६९२ साली झाला. चौकात कॉफी पिऊन गट पुढे निघतो आणि गावाच्या दक्षिणेला असलेली सेचोव्लेची मिठागरे बहुतेक वेळा राहूनच जातात. ती राहू देऊ नयेत, कारण या किनाऱ्याची जुनी श्रीमंती इथे अजून हाताने गोळा होताना दिसते.

मिठागराची मूळ रीत उरण-पेणच्या माणसाला ओळखीची वाटेल : उथळ वाफे, एकातून दुसऱ्यात फिरवलेले खारे पाणी, ऊन आणि वारा. सेचोव्लेचे वेगळेपण वाफ्याच्या तळाशी आहे. शेवाळ, जिप्सम आणि इतर खनिजे यांचा एक पातळ थर तिथे मुद्दाम वाढवला आणि जपला जातो. त्याला ‘पेटोला’ म्हणतात. हा थर चिखल आणि मीठ यांच्यामध्ये पडद्यासारखा राहतो, म्हणून मीठ पांढरे उतरते. ही विद्या चौदाव्या शतकात दक्षिणेकडच्या पाग बेटावरून इथे आली. पेटोला फाटू नये म्हणून मीठ ओढण्याची फावडी लाकडी असतात आणि हंगामाबाहेरही तिची मशागत करावी लागते. मिठाशिवाय मासे टिकत नव्हते आणि मासे टिकल्याशिवाय जहाजे लांब जात नव्हती. त्यामुळे मीठ कुणाचे यावर या किनाऱ्यावर सतत तंटे होत राहिले. पाग, निन, स्टोन, उल्सिन्य अशी मिठागरांची साखळी खाली माँटेनेग्रोपर्यंत जाते. प्रत्येक मुक्कामावर ती थोडी थोडी भेटत राहते.

सीमा ओलांडून क्रोएशियात शिरले तरी आता कुणी पासपोर्ट मागत नाही. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी युरोपीय संघात आला आणि १ जानेवारी २०२३ पासून युरो व शेंगेन या दोन्ही व्यवस्था एकाच दिवशी लागू झाल्या. समोरचा इस्त्रिया हा द्वीपकल्प दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इटलीकडे होता, त्यानंतर युगोस्लाव्हियात गेला. गावांच्या पाट्या आजही अनेक ठिकाणी क्रोएशियन आणि इटालियन अशा दोन भाषांत आहेत. पुला शहरात पहिल्या शतकातले रोमन क्रीडागार उभे आहे. वीस हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील एवढ्या या इमारतीची बाहेरची भिंत सगळीकडून शाबूत आहे. रोमच्या कोलोसियमलाही ते भाग्य लाभलेले नाही.

पुलासमोरच्या ब्रियुनी बेटांवर भारतीय गटाने अर्धा दिवस द्यायला हवा. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मार्शल टिटो यांचे उन्हाळी निवासस्थान इथे होते. जुलै १९५६ मध्ये टिटो, पंडित नेहरू आणि इजिप्तचे नासेर इथे भेटले आणि १९ जुलैला तिघांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. पाच वर्षांनी बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिची वाट इथून गेली. पुढे इंदिरा गांधींनी टिटोंना सोनी आणि लंका ही हत्तींची जोडी भेट दिली, तीही याच बेटावर ठेवली गेली. सोनी २०१० साली वारला. भारताच्या परराष्ट्र धोरणाचे एक अख्खे पर्व या लहानशा बेटाशी जोडलेले आहे आणि तरीही भारतीय बसगाड्या पुलाहून सरळ दक्षिणेकडे वळतात, हे खेदाचे आहे.

इस्त्रियापासून दक्षिणेकडे जाताना दुसरा घटक भेटतो, तो वारा. ‘बुरा’ हा थंड, कोरडा ईशान्य वारा वेलेबित पर्वताच्या माथ्यावरून समुद्रावर कोसळतो. हिवाळ्यात त्याचे झोत ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे गेलेले आहेत. झाग्रेबहून स्प्लिटकडे येणाऱ्या ए-१ महामार्गाचा वेलेबितच्या पायथ्याचा टप्पा अशा वेळी आधी उंच वाहनांना, मग बसना आणि शेवटी सगळ्यांनाच बंद होतो. पाग बेटाची मुख्य भूमीकडची बाजू याच वाऱ्याने उघडी केली आहे. समुद्राचे खारे तुषार उडून जमिनीवर बसतात, झाड उगवत नाही, उगवते ते आखूड, सुगंधी गवत. आणि ते खाणाऱ्या मेंढ्यांच्या दुधाचे चीज देशभर नावाजलेले आहे. दुसरा वारा ‘युगो’ आग्नेयेकडून येतो. तो दमट आणि जड असतो, आकाश भरून येते, समुद्र खवळतो. युगो वाहत असताना दुब्रोव्हनिकच्या जुन्या प्रजासत्ताकात महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असे तिथले लोक सांगतात. उन्हाळ्यातला ‘माएस्त्राल’ मात्र सौम्य. तो दुपारी समुद्रावरून येतो आणि जुलैचे ऊन सुसह्य करतो.

बेटांना जोडलेल्या सहलीत एक-दोन फेरी बोटी असतातच, आणि बोटीचे काय होणार हे या वाऱ्यांवर ठरते. एप्रिल-मेच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरअखेर गेलेल्या गटाने बेटाचा दिवस पुढे-मागे करण्याची मुभा ठेवलेली बरी. मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हा खरा चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा मध्य युरोप सुट्टीवर याच रस्त्यावर उतरतो.

रस्त्याच्या वेळापत्रकावर आणखी एक बंधन आहे, ते चालकाच्या तासांचे. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते. दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक चालवता येत नाही (आठवड्यातून दोनदा दहापर्यंत मुभा असते) आणि दोन दिवसांच्या कामामध्ये ठरलेली सलग विश्रांती मिळावी लागते. डॅशबोर्डवरचे टॅकोग्राफ यंत्र हे सगळे नोंदवते. सकाळी नाश्त्याला गटाने अर्धा तास उशीर केला तर तो उशीर संध्याकाळी वेगाने भरून काढता येत नाही. एखादे ठिकाणच गळते. टूर मॅनेजर सकाळी साडेसातला लॉबीत उभा राहून डोकी मोजत असतो तो यासाठी.

झाग्रेबहून किनाऱ्याकडे येणाऱ्या गटांच्या वाटेत प्लित्वित्से लागते. तिथे पाण्यातला चुना शेवाळावर साचून नैसर्गिक बांध तयार होतात आणि एकाखाली एक अशी सोळा सरोवरे एकमेकांत सांडत राहतात. बांध अजून वाढत आहेत, म्हणून लाकडी वाटेवरूनच चालायचे आणि पाण्यात उतरायचे नाही. नंतर झादर, तिथे २००५ साली निकोला बाशिच या वास्तुविशारदाने धक्क्याच्या पायऱ्यांखाली नळ्या बसवल्या, लाटा त्यांत हवा ढकलतात आणि घाट अखंड वाजत राहतो. त्यापुढे शिबेनिकचे कॅथिड्रल. १४३१ ते १५३५ अशी शंभरावर वर्षे ते बांधले जात होते, छतसुद्धा दगडाचे आहे. बाहेरच्या भिंतीवर माणसांचे ७१ चेहरे कोरलेले आहेत आणि ते संतांचे वाटत नाहीत. कुणी त्रासलेला, कुणी झोपाळू, कुणी चिडका. बाजारात दिसणारी माणसे पाथरवटांनी तशीच भिंतीवर बसवली असावीत असे ती ओळ पाहताना वाटते.

दगडाशी या लोकांचे नाते किती जुने, हे शिबेनिकजवळचे बाल्येनाट्स हे चिमुकले टापू सांगते. एक चौरस किलोमीटरच्या सातव्या हिश्शाएवढ्या या जमिनीवर चुन्याशिवाय रचलेल्या भिंतींची एकूण लांबी २३ किलोमीटर भरते. शेतासाठी दगड वेचायचे, वेचलेल्या दगडांची भिंत करायची, भिंतीने वारा अडवायचा आणि आत द्राक्षाची वेल लावायची, असा हा उद्योग. किनारपट्टीवर सगळीकडे अशा भिंती आहेत. २०१८ साली युनेस्कोने ही कला क्रोएशिया, स्लोव्हेनिया, इटली, ग्रीस आदी अनेक देशांच्या नावे एकत्र नोंदवली.

स्प्लिट हे या प्रवासातले पहिले मोठे शहर. रोमन सम्राट डायोक्लिशियन याने इसवी सन ३०५ मध्ये स्वतःहून गादी सोडली आणि उरलेले आयुष्य घालवण्यासाठी आपल्या जन्मभूमीजवळ हा राजवाडा बांधून घेतला होता. सुमारे २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद. पांढरा दगड समोरच्या ब्राच बेटावरचा, ग्रॅनाइटचे खांब आणि स्फिंक्स इजिप्तमधून आणलेले. सातव्या शतकाच्या सुरुवातीला शेजारचे सालोना शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा तिथले लोक या रिकाम्या राजवाड्यात शिरले आणि कायमचे राहिले. कमानी बुजवून घरे झाली, ओवऱ्यांची दुकाने झाली, गल्ल्या पडल्या. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या सम्राटाची समाधीच पुढे ख्रिश्चनांचे कॅथिड्रल बनली.

गटाला इथे दोन तास मिळतात, ते बहुतेक वरच्या चौकात फोटोत जातात. पण पाहण्यासारखी खरी गोष्ट खाली आहे. समुद्राकडचा उतार भरून काढण्यासाठी राजवाड्याच्या दक्षिण भागाखाली कमानदार दालने बांधली होती आणि वरच्या दालनांचा आराखडा खाली जसाच्या तसा उतरवला होता. वर राहणाऱ्यांनी जमिनीला भोके पाडून शतकानुशतके सांडपाणी आणि केरकचरा या तळघरांत टाकला. तळघरे काठोकाठ भरली आणि त्यामुळेच ती शाबूत राहिली. विसाव्या शतकात उपसा झाला तेव्हा, वर नाहीशी झालेली सम्राटाची दालने कशी होती हे खालच्या भिंतींवरून कळले. आजही तटबंदीच्या आत लोक राहतात आणि प्राचीन भिंतींमधल्या दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. सतराशे वर्षांनंतरही वापरात असलेली अशी वास्तू जगात विरळाच. तिथे एक सकाळ आणि एक संध्याकाळ घालवावी. बस लांब उभी करून तासाभरात परत येण्याची ही जागा नव्हे.

जेवणाचा प्रश्न गटसहलीत पहिल्या दिवसापासून असतो. किनाऱ्याचे अन्न माशांचे. शाकाहाऱ्यांना तरीही उपाशी राहावे लागत नाही. लसूण आणि ऑलिव्ह तेलात बटाट्याबरोबर परतलेली ‘ब्लित्वा’ ही पालेभाजी सगळीकडे मिळते. भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचे ‘आयवार’ पोळीबरोबरही चालते. पापुद्र्यांचा ‘बुरेक’ चीज किंवा पालक भरलेला मागावा, कारण बोस्नियात नुसते बुरेक म्हटले की मांसाचे येते. काळा रिसोटो मात्र शाकाहारी नसतो. त्याचा रंग माकुळाच्या शाईचा.

स्प्लिट सोडून काही गट आत बोस्नियात मोस्तारला जातात. तिथला नेरेत्वा नदीवरचा एका कमानीचा पूल तुर्की वास्तुविशारद मिमार हैरुद्दीन याने १५६६ मध्ये पूर्ण केला, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफांनी पाडला गेला आणि जुन्या पद्धतीनेच पुन्हा बांधून २३ जुलै २००४ रोजी खुला झाला. एका काठावर मशिदींचे मिनार, दुसऱ्या बाजूला चर्चचा मनोरा. युगोस्लाव्हिया फुटण्याची किंमत काय पडली, हे किनाऱ्यावरच्या झगमगाटात कळत नाही, इथे कळते. वेळापत्रकातला एक दिवस त्यासाठी खर्च करणे योग्यच.

दुब्रोव्हनिकच्या वाटेवर क्रोएशिया मध्येच तुटतो. बोस्नियाचा सुमारे वीस किलोमीटरचा किनारा, नेउम, आडवा येतो. याचे कारण तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. दुब्रोव्हनिक तेव्हा रागुसा नावाचे स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि त्याला सर्वांत जास्त भीती व्हेनिसची होती. १६९९ च्या कार्लोवित्स तहात रागुसाने आपल्या उत्तर आणि दक्षिण टोकांच्या दोन पट्ट्या तुर्की साम्राज्याला देऊन टाकल्या. व्हेनिसची हद्द आपल्या हद्दीला भिडूच नये, मध्ये तुर्क असावेत, हा हिशेब. उत्तरेची पट्टी म्हणजे नेउम. ती बोस्नियाबरोबर राहिली आणि १९९१ नंतर आंतरराष्ट्रीय सीमा झाली. दहाएक किलोमीटरच्या रस्त्यासाठी बसना दोनदा सीमा ओलांडावी लागे आणि उन्हाळ्यात त्यात तासन्‌तास जात. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशात्स पूल खुला झाला. चिनी कंपनीने युरोपीय संघाच्या मोठ्या अर्थसाहाय्यावर बांधलेला हा २,४०४ मीटर लांबीचा पूल नेउमला समुद्रावरून वळसा घालतो. रागुसाच्या मुत्सद्द्यांनी घातलेली गाठ अशी तीन शतकांनी सुटली.

पूल ओलांडला की स्टोन लागते. आजही चालू असलेली मिठागरे, आणि त्यांच्या रक्षणासाठी डोंगरावरून बांधलेली साडेपाच किलोमीटरची तटबंदी. रागुसाच्या उत्पन्नात मिठाचे स्थान काय होते ते त्या भिंतीच्या लांबीवरून कळते. शेजारच्या माली स्टोनच्या खाडीतली कालवे प्रसिद्ध आहेत.

रागुसाने सैन्याच्या बळावर फारसे काही मिळवले नाही. सुलतानाला दरवर्षी १२,५०० सोन्याची नाणी खंडणी भरायची आणि त्या बदल्यात तुर्की साम्राज्यभर व्यापार करायचा, हे त्यांचे धोरण होते. राज्याचा प्रमुख ‘क्नेझ’ एका महिन्यासाठी निवडला जाई आणि त्या महिन्यात राजवाड्यात मुक्काम करी. १३७७ साली त्यांनी साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस ठेवण्याचा कायदा केला. विलगीकरणाचा हा पहिला ज्ञात कायदा. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १४३८ साली बारा किलोमीटरवरून पाणी आणणारी व्यवस्था पूर्ण झाली, तिचे मोठे कारंजे पश्चिम दरवाज्याच्या आत आजही पाणी देते. ६ एप्रिल १६६७ च्या भूकंपाने हजारो माणसे आणि बहुतेक इमारती गेल्या. मुख्य रस्त्यावरची एकसारखी घरे ही त्यानंतरच्या पुनर्रचनेतली. १८०८ मध्ये नेपोलियनच्या सेनानीने प्रजासत्ताक बरखास्त केले.

या शहराचा रक्षक संत ब्लेझ. त्याचा उत्सव ३ फेब्रुवारीला होतो आणि दरवाज्यांवर, बुरुजांवर हातात शहराची प्रतिकृती घेतलेली त्याची मूर्ती दिसते. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताच्या नावाचे चर्च आहे. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या रागुसाच्या व्यापाऱ्यांशी ते परंपरेने जोडले जाते, आणि क्रोएशियन अभ्यासक व पाहुणे ते पाहायला गोव्यात येतात. गोव्याहून किंवा तळकोकणातून आलेल्या प्रवाशाला दुब्रोव्हनिकमध्ये ही ओळख जरूर सांगायला हवी.

१९९१ च्या ऑक्टोबरपासून शहराला वेढा पडला. ६ डिसेंबर १९९१ च्या तोफमाऱ्यात सर्वाधिक हानी झाली. जुन्या शहरातील दोन तृतीयांशाहून अधिक इमारतींना तोफगोळे लागले. १,९४० मीटरच्या तटावरून चालताना कौलांचे दोन रंग स्पष्ट दिसतात. फिकट, डागाळलेली कौले जुनी आणि भडक नारिंगी कौले युद्धानंतरची. छायाचित्रांत जी नारिंगी छते सुंदर दिसतात, ती बहुतेक या जखमेवरची आहेत.

आता प्रश्न गर्दीचा. प्रचंड प्रवासी जहाजे आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिका यांनी इथे माणसांचा पूर आणला. १९९१ मध्ये जुन्या शहरात पाच हजारांच्या आसपास लोक राहत, आज ते दीड हजारांच्या आसपास आहेत. घरे भाड्याच्या खोल्या झाल्या. युनेस्कोच्या इशाऱ्यानंतर नगरपालिकेने एका वेळी दोनच जहाजे आणि चार हजार जहाजप्रवासी अशी मर्यादा घातली. गटाने तट सकाळी उघडताच चढावा, दुपारी जहाजांच्या प्रवाशांसाठी शहर सोडावे आणि संध्याकाळी परत यावे. एका रात्रीऐवजी दोन रात्री राहणाऱ्यालाच हे जमते. आणि रात्री राहणारा पाहुणा शहराला थोडे तरी परत देतो.

दुब्रोव्हनिकच्या दक्षिणेला शेंगेन संपते. भारतीय पासपोर्टधारकासाठी इथे एक गोष्ट निर्णायक ठरते. माँटेनेग्रो, बोस्निया आणि अल्बेनिया हे तिन्ही देश वैध बहुप्रवेशी शेंगेन व्हिसा असलेल्यांना काही अटींवर वेगळ्या व्हिसाशिवाय आत घेतात. पण व्हिसा एकप्रवेशी असेल तर क्रोएशियातून बाहेर पडलेला प्रवासी पुन्हा क्रोएशियात येऊ शकत नाही. मोस्तारची एका दिवसाची फेरीसुद्धा तेव्हा अशक्य होते. अटी बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या-त्या दूतावासाकडून खात्री करावी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. चाळीस जणांच्या बसला नाक्यावर लागणारा वेळ त्या हिशेबाने धरावा. चलनाचे गणित सोपे आहे : माँटेनेग्रो संघाबाहेर असूनही युरोच वापरतो, बोस्नियाचा मार्क युरोला जखडलेला आहे, अल्बेनियात लेक.

माँटेनेग्रोत शिरताच बोका कोटोर्स्का हे आखात येते. याला सर्रास ‘फ्योर्ड’ म्हणतात, पण तो हिमनदीने कोरलेला नाही. कोकणातल्या खाड्यांप्रमाणे ती समुद्रात बुडालेली नदीची दरी आहे, फक्त दोन्ही बाजूंचे कडे हजार मीटरहून उंच. वर त्स्र्क्वित्से या ठिकाणी वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, युरोपात तो सर्वाधिकांपैकी एक. आंबोली-महाबळेश्वरच्या माणसाला आकडा ओळखीचा वाटेल, मात्र हा पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो.

आखातातल्या पेरास्टसमोर एक बेट माणसांनी बनवले आहे. २२ जुलै १४५२ रोजी एका खडकावर मेरीचे चित्र सापडले अशी कथा आहे. तेव्हापासून दर्यावर्दी त्या जागी दगड टाकत आणि जुनी जहाजे बुडवत राहिले, जागा वाढली, तिच्यावर चर्च उभे राहिले. आजही दर २२ जुलैला गावकरी होड्यांची रांग करून बेटाभोवती दगड टाकतात. कोटोर शहर डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्याची साडेचार किलोमीटरची तटबंदी सरळ कड्यावर चढते. वरच्या किल्ल्यापर्यंत साडेतेराशेच्या आसपास पायऱ्या. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी वाटेतल्या चर्चपाशी थांबले तरी आखात पूर्ण दिसते. १५ एप्रिल १९७९ च्या भूकंपात शहराची मोठी हानी झाली, त्याच वर्षी युनेस्कोने त्याला वारसा यादीत घेतले. दरवाज्यावरचा पंखधारी सिंह व्हेनिसचा. पिरानपासून इथपर्यंत तो जवळजवळ प्रत्येक मुक्कामावर भेटलेला असतो. बुडवाचा गजबजाट लवकर मागे टाकून उल्सिन्य गाठावे. तिथल्या विस्तीर्ण मिठागरात मीठ पिकवणे थांबले, पण स्थलांतर करणारे पक्षी येत राहिले आणि २०१९ मध्ये त्या जागेला संरक्षण मिळाले.

अल्बेनिया कधीच युगोस्लाव्हियात नव्हता. हुकूमशहा एन्व्हर होजा याने १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत तो जगापासून तोडून ठेवला. १९६७ साली सगळी चर्च आणि मशिदी बंद केल्या, खासगी मोटार बाळगायला बंदी होती आणि न झालेल्या आक्रमणाच्या भीतीने देशभर काँक्रीटचे दीड लाखाहून अधिक बंकर बांधले. शेतांत, पुळणीवर, वस्तीत ते अजून दिसतात. तिरानामध्ये दोन मोठ्या बंकरांची संग्रहालये झाली आहेत. मदर तेरेसा अल्बेनियन वंशाच्या. त्यांचा जन्म स्कोप्येचा, पण आई आणि बहीण तिरानात राहत. होजाच्या राजवटीने मदर तेरेसांना आत येऊ दिले नाही. आई १९७२ मध्ये वारली, भेट झालीच नाही. १९८९ मध्ये त्या प्रथमच तिरानाला जाऊ शकल्या, तेव्हा त्यांना दोघींच्या थडग्यांवर फुले वाहावी लागली. राजधानीच्या विमानतळाला आज त्यांचे नाव आहे.

ड्युरेस बंदरापासून रोमन लोकांचा एग्नातिया मार्ग थेट इस्तंबूलकडे जाई. शहरातल्या वस्तीमध्येच दुसऱ्या शतकातले क्रीडागार आहे. व्लोराच्या दक्षिणेला एड्रियाटिक संपून आयोनियन समुद्र सुरू होतो. लोगारा खिंडीचा हजार मीटरवरचा वळणांचा रस्ता २०२४ साली सुमारे सहा किलोमीटरच्या बोगद्याने टाळता येऊ लागला. बस लागणाऱ्यांची सोय झाली, पण आकाश स्वच्छ असेल तर चालकाला विनंती करून खिंडीनेच जावे.

शेवटचा मोठा मुक्काम बुट्रिंट. खाजणाच्या काठी, झाडीत, एकाच टेकडीवर ग्रीक नाट्यगृह, रोमन स्नानगृहे, सहाव्या शतकातले ख्रिश्चन बाप्तिस्मागृह आणि व्हेनिसचा बुरूज. १९२८ पासून इटालियन पुरातत्त्वज्ञ उगोलिनी याने इथे उत्खनन केले. जमीन खचत असल्याने नाट्यगृहाच्या तळाशी पाणी साचते आणि बाप्तिस्मागृहाची चित्रफरशी जपण्यासाठी बहुतेक काळ वाळूखाली झाकलेली असते. इथून जवळच्या सारांडा बंदरातून ग्रीसच्या कोर्फू बेटाची बोट वेगवान असेल तर अर्ध्या तासात पोचते. कोर्फू म्हणजे पुन्हा शेंगेन, बहुप्रवेशी व्हिसाचा आणखी एक शिक्का. ज्यांना ते नको, त्यांची बस पाच-सहा तासांत तिरानाच्या विमानतळावर परत येते. तिथून मुंबईला थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा दुसऱ्या एखाद्या शहरात बदल करावा लागतो.